सोजरबाईला दिल्ली दाखवली तेव्हा

दिल्ली स्वस्तात बघायची असेल तर पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. सोमवारी लाल किल्ला बंद असतो. पहिल्या खेपेला हे मला माहीत नव्हतं. चाळीस माणसं घेऊन मी बंद दरवाजासमोर उभा, आणि देगलूरचे एक आडत दुकानदार सगळ्यांदेखत विचारू लागले, "महेबूबभाई, किल्ला बंद. मग आमचे तेवढे पैसे कापून देता का?"

मी म्हणालो, "शेटजी, किल्ला बाहेरूनच बघायचा असतो. आत जायला तुम्ही काय बादशहाचे जावई?"

लोक हसले, वेळ मारून नेली. पण त्या दिवशी मी एक वही केली. दिल्लीत काय कधी उघडतं, प्यायचं पाणी फुकट कुठं मिळतं, कुठल्या दारानं शिरलं तर ऊन लागत नाही, सगळं तिच्यात लिहिलं. माझं शिक्षण चौथी, तीही दोनदा. तरी ती वही मागायला पुढं चांगले शिकलेले टूरवाले आले. मी दिली नाही. आताही या अंकासाठी संपादक म्हणाले, "चाचा, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो." म्हटलं, कशाला? जन्मभर लोकांचे रिझर्वेशनचे फॉर्म मी भरले, हाही मीच भरतो. वेलांट्या तेवढ्या तुम्ही बघा.

धंद्याची सुरुवात फॉर्मापासूनच झाली. नांदेड स्टेशनाबाहेर लिंबाखाली स्टूल टाकून मी लोकांचे फॉर्म भरून द्यायचो. अमृतसरला जाणाऱ्या गाडीला वाटेत दिल्ली लागते. उमरीचे, देगलूरचे लोक यायचे, "दिल्ली किती लांब हाय हो?" म्हणून विचारायचे आणि फॉर्म मनमाडचा भरून घ्यायचे. दिल्ली म्हणजे खासदारानं जायची जागा, आपल्या ऐपतीतली नव्हे, असं डोक्यात बसलेलं. मला अक्कल दिली ती एका सरदार ट्रकवाल्यानं. तो म्हणाला, "महेबूब, दिल्ली में भूखा रहने को पैसा लगता है. पेट भरने को कुछ नहीं लगता." त्याला गुरुद्वाऱ्यातला लंगर म्हणायचा होता. मी एकटा जाऊन आठ दिवस राहून आलो. तो खरं बोलत होता.

परगावी माणूस झोपायला, खायला आणि घाईत लुटला जातो. बाकी कुणी लुटत नाही. झोपायला मी जुन्या दिल्लीत स्टेशनाजवळची एक धर्मशाळा धरली, मधोमध मोठा चौक असलेली. घाईवर इलाज म्हणजे कुठंही तासभर आधी पोचायचं, म्हणजे रिक्षावाल्याचे पाय धरावे लागत नाहीत. राहिलं खाणं. मी मुसलमान, माझे मुसाफिर बहुतेक लिंगायत नाहीतर मराठा. माझ्या हातचं चालणार नाही हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि मी कुणाला विचारलंही नाही. उदगीरकडचा इरय्या स्वामी म्हणून एक जंगम आचारी सोबत घेतला. त्याच्या हातचं सगळ्यांना चालायचं, मलाही. दीड दिवसाच्या गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, दिल्लीत सकाळी लंगर, संध्याकाळी चौकात इरय्याची भाकरी. बिनसलं की तो कानडीत शिव्या द्यायचा, मी दखनीत द्यायचो. दोघांनाही सगळं समजायचं.

माणसं एकेक नग भेटली. उमरीचे एक निवृत्त गुरुजी संसदेचे खांब मोजत सुटले. पोलिसानं हटकलं तर म्हणाले, "पुस्तकात एकशे चव्वेचाळीस लिहिलेत. तीस वर्षं पोरांना तेच शिकवलं. खरंय का बघू द्या की." एकशे एक्केचाळीसावर पोलिसानं त्यांना हाकललं. परतीच्या गाडीत गुरुजींना झोप नाही. मनमाड येईपर्यंत मला विचारून राहिले, "महेबूब, ते तीन असतील का हो?"

पण ज्या सहलीनं माझीच मस्ती उतरवली, ती सोजरबाईची.

भूकंप झाला त्यानंतर वर्षभर माझी एकही सहल निघाली नाही. उलट दिल्लीच आमच्याकडं आली. मंत्री आले, डॉक्टर आले, फौजी आले, फोटो काढणारे तर किती आले. लातूरकडच्या त्या गावांत परक्या मुलखातली माणसं दगडामातीच्या ढिगावर उभी राहून बघत होती. मदत केली, खोटं कशाला बोलू. पण नुसतं बघायलाही लई आले.

मग बरीच वर्षं गेली. लातुरात शिकवण्यांचा बाजार भरला. गल्लीगल्लीत क्लास, पाट्यांवर पास झालेल्या पोरांचे फोटो, सायकलीच्या हँडलला डबे. नांदेडातही तेच लोण आलं. ज्यांनी कधी फॉर्म मनमाडचा भरला होता, त्यांच्या पोरांचे फॉर्म आता पुण्याचे, दिल्लीचे भरायची पाळी माझ्यावर आली.

तोवर लिंबाखालचं स्टूल जाऊन माझं छोटं ऑफिस झालं होतं. अशाच एका दुपारी तिथं औशाकडचे एक गृहस्थ आले. पांढऱ्या मिशा, खांद्यावर टॉवेल.

"महेबूबभाई तुमीच का?"

"मीच."

"मी दगडू. दिल्लीला जायचंय. तेवीस माणसं."

"बघायला?"

"न्हाई. एका पोरीला सोडायला."

मला वाटलं चेष्टा करतोय. "एका पोरीला सोडायला बावीस जण?"

"का वं, लेक सासरी जाती तव्हा पाठराखीण जाती का न्हाई? आमी तिच्या पाठराखिणी."

"दगडूमामा, मिशावाली पाठराखीण मी आजच बघतोय."

ते हसले नाहीत. मग समजलं. वनिता म्हणून त्यांची भाची. भूकंपात आई गेली, बाप गेला. पोरगी तेव्हा पहिलीत होती आणि बापाच्या आईपाशी अंगणात निजली होती, म्हणून दोघी वाचल्या. तीच पोरगी बारावी होऊन, ऑल इंडियाच्या यादीत नंबर लागून दिल्लीच्या एका मेडिकल कॉलेजात चालली होती. पुनर्वसनातल्या त्यांच्या वस्तीतून तालुक्याच्या पलीकडं शिकायला गेलेली ती पहिली पोरगी.

"आणि आजी कुठाय?"

दगडूमामांनी बाहेर बोट केलं. म्हातारी रस्त्यावर, टळटळीत उन्हात बसली होती. मी जाऊन म्हणालो, "आजी, आत या. ऊन आहे."

"तुज्या हापिसावर काय हाय?"

"वर? स्लॅब आहे. पक्का आहे."

"मग हितंच बरं."

ही सोजरबाई. भूकंपापासून ती पत्र्याखाली नाहीतर आभाळाखाली राहत आली होती. सरकारनं दिलेल्या पक्क्या घरात तिनं सरपण भरलं आणि स्वतः बाजूला पत्र्याचं शेड मारून राहिली. वनिता लातूरला क्लासला गेली तर सोजरबाईही गेली आणि हट्टानं पत्र्याची खोली घेतली. मे महिन्यात त्या खोलीत पोरगी डोक्यावर ओलं फडकं ठेवून अभ्यास करायची. शिकवणीच्या सरांनी हजार वेळा सांगितलं, म्हातारीनं ऐकलं नाही.

"हे बघ म्हेबूब," ती मला म्हणाली, "मी जागा बघीन. मनाला आली तर पोरगी ठिवीन. न्हाई आली तर परत आणीन. तिचं बी परतीचं तिकीट काढ."

"पण आजी, बाकीचे एकवीस कशाला?"

"त्यांनी यिऊन आमची पडकी घरं बघितली. आता आमी जाऊन त्यांची उभी घरं बघतो."

मी तेवीस जणांचं जाण्यायेण्याचं काढलं.

गाडीत म्हातारी खुशाल होती. मी विचारलं, "आजी, डबा एवढा हलतोय, भीती वाटत नाही?" तर मलाच मूर्खात काढलं. "गाडी हालायलाच केलीया. घर हालू नये." वनिता वरच्या बर्थवर पडून पुस्तक वाचत होती. सडपातळ, बोलायला कमी, पण नजर सगळीकडं. इटारसीला तिनं मला विचारलं, "चाचा, वसतिगृह किती मजली असेल?" मी म्हणालो, "दिल्लीत चारच्या खाली काही नसतं." तिनं पुस्तक मिटलं. मग सबंध रात्र उघडलं नाही.

धर्मशाळेत मी सात खोल्या सांगून ठेवल्या होत्या. एकाही खोलीत कुणी गेलं नाही. तेवीस जणांनी चौकात ओळीनं अंथरुणं टाकली. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "कमरे में कुछ खराबी है क्या?" मी म्हणालो, "कमरे में नहीं." पुढं सांगत बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातले कागद दुपारपर्यंत उरकले. मग वसतिगृह. पोरींचं, चार मजली, वनिताला खोली तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या वॉर्डनबाई, उंच, चष्मा गळ्यात अडकवलेला, शिस्तीच्या. त्यांनी नियम सांगितला. पालकानं कागदावर सही किंवा अंगठा करायचा, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत. नाहीतर खोली यादीतल्या पुढच्या पोरीला. बाहेर खोली घेऊन राहणं ह्या लोकांच्या बसात नव्हतं. म्हणजे अंगठा नाही तर खोली नाही, आणि खोली नाही तर डॉक्टरकी नाही. एवढं सरळ होतं.

सोजरबाई वर जायला तयार नाही. खालच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी मोठा व्हरांडा होता, तिथंही ती कशीबशी कडेला बसली. मग तिनं पिशवीतून तांब्या काढला, फरशीवर पालथा घातला. त्यावर फुलपात्र पालथं. त्यावर वाटी. आणि बघत बसली.

बाहेरच्या माणसाला हे वेडाचं वाटेल. भूकंपानंतर महिनोन्‌महिने त्या भागात जमीन थरथरत होती. माणसाला कळायच्या आत भांड्याला कळतं. म्हणून घरोघरी झोपण्याआधी अशी भांडी रचून ठेवायची, आणि वाटी किणकिणली की पोरंबाळं उचलून बाहेर पळायचं. बाकीच्यांनी पुढं ही सवय सोडली, सोजरबाईनं नाही. पण सवय सोडली म्हणून कान थोडेच बदलतात?

चार-पाच मिनिटं गेली असतील. वॉर्डनबाई मला काहीतरी समजावून राहिल्या होत्या. आणि वाटी वाजली. किण्... किण् किण्.

पुढं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो. दगडूमामा ओरडले, "भाईर! भाईर व्हा!" आणि बावीसच्या बावीस माणसं एका दमात बाहेर. नुसती पळाली नाहीत. ज्यांच्या हाताला जे लागलं ते घेऊन पळाली. एका बाईनं तिथं बसलेल्या परक्या पोरीला बखोटं धरून ओढलं. दोघा गड्यांनी ऑफिसातल्या म्हाताऱ्या कारकुनाला खुर्चीसकट उचललं. दगडूमामा जिन्याखाली उभे राहून वर हाका मारत होते, "पोरींनो, उतरा! भिताडापासून लांब ऱ्हावा!" भाषा समजली नसेल, पण आवाज समजला. चारही मजल्यांवरून पोरी धाडधाड खाली आल्या. कुणाच्या तोंडाला साबण, कुणाच्या हातात कंगवा. दोन मिनिटांत सबंध वसतिगृह रस्त्यावर.

आणि इमारत आपली उभी. खिडकीतलं कबुतरसुद्धा हललं नाही.

वॉर्डनबाई शेवटी बाहेर आल्या. "कौन हैं ये लोग? कौन लाया इनको?"

मी पुढं झालो. आयुष्यात पहिल्यांदा आपण सहल काढतो याची लाज वाटली. "मैं लाया, मॅडम."

त्यांनी वाटेल ते सुनावलं. मी ऐकून घेतलं. खुर्चीतला म्हातारा कारकून मात्र हसून राहिला होता. म्हणाला, "मॅडम, आग लगेगी तो ये ही लोग बचाएँगे."

मी सोजरबाईकडं गेलो. ती समोरच्या फुटपाथवर बसलेली. वनिता शेजारी उभी, चेहरा पांढराफटक.

"आजी, ट्रक गेला असेल मागून," मी म्हणालो.

"तू बघितलास का ट्रक?"

"नाही."

"मग कशाला बोलतूस? ह्या गावाची जिमीन हालती. मी अंगठा देत न्हाई."

एवढ्या वर्षांत हजारो माणसांना मी असंच ठोकून दिलं, कुणी उलट विचारलं नाही. हिनं एका प्रश्नात गप्प केलं. माझ्या वहीत त्या भागातलं सगळं होतं, आणि जमीन का हलते ते नव्हतं. मला राग आला तो त्याचा.

मी उठून चालत सुटलो. कोपऱ्यावर फुटपाथच्या कडेला एक मोठी लोखंडी जाळी होती. तिच्यावर पाय ठेवला आणि खालून गरम वाऱ्याचा झोत आला, लुंगी फडफडली. खाली कुठंतरी घरघर. मला मेट्रो आहे हे ऐकून माहीत होतं, पण जमिनीखाली तिला एवढा वारा असतो हे काय माहीत? मी जाळीवर कान लावून बसलो. जाणारेयेणारे बघत होते, बघू दे.

वनिता मागून आली होती. तिनं जाळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "चाचा, तुम्ही इथंच उभं राहा. वारा आला की रुमाल हलवा. मी भांडी रचते. वाटी वाजली की मी हात वर करते. दोन्ही एकदमच झालं तर कारण हेच."

मी म्हणालो, "आणि एकदम नाही झालं तर?"

"तर आजीचं खरं," ती म्हणाली. "मग मी परत येते."

पोरगी परत जायच्या तयारीनं हे करून बघत होती. मी दुआ मागत उभा राहिलो. तिनं पुन्हा व्हरांड्यात भांडी रचली. आमची माणसं रस्त्याच्या पलीकडं ओळीनं बसली. मधोमध सोजरबाई, एकदा माझ्याकडं बघते, एकदा नातीकडं. वारा आला, मी रुमाल हलवला. वनिताचा हात वर. पुन्हा वारा, पुन्हा हात. इरय्या मोठ्यानं मोजू लागला, कानडीत. वसतिगृहातल्या पोरी कठड्याला रेलून बघू लागल्या आणि दरवेळी टाळ्या वाजवू लागल्या. सात वेळा वारा आला, सातही वेळा हात वर झाला.

वनितानं आजीला खालच्या मेट्रोचं सांगितलं. सोजरबाईनं विचारलं, "खाली आगगाडी हाय म्हणता?"

"हो आजी."

"मला बघायची."

दुसऱ्या दिवशी आग्रा ठरलेला होता. मी ठरलेला बेत कधी मोडला नव्हता. भर पावसातही मोडला नव्हता. त्या दिवशी आग्र्याला सगळ्यांना इरय्याबरोबर धाडलं आणि मी मागं राहिलो. इरय्यानं तिथं ताजमहालासमोर सगळ्यांना सांगितलं की ही आपल्या औरंगाबादच्या मकबऱ्याची नक्कल आहे. लोक अजून तसंच सांगतात.

मी, सोजरबाई आणि वनिता मेट्रोच्या स्टेशनात उतरलो. सरकत्या जिन्यापाशी म्हातारी अडली. "पायरीच पळती की रं हितली!" मग साध्या जिन्यानं, एकेक पायरी मोजत. डोक्यावर जमीन, जमिनीवर अख्खी दिल्ली. माझ्या हाताला तिची बोटं रुतत होती. खाली पोचल्यावर ती खांबापाशी फरशीवर बसली आणि उजवा पंजा फरशीवर पालथा टेकवला, तापल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा.

गाडी आली, गेली. ती हलली नाही. दुसरी आली, गेली. शिट्टी वाजवत शिपाई आला. वनिता त्याला म्हणाली, "थोड़ी देर बैठने दीजिए, भैया." तिसरी गाडी गेल्यावर सोजरबाईनं हात उचलला.

"ही आडवी जाती," ती म्हणाली. "लांबून येती, सांगून येती, आन निघून जाती. त्या रातची तशी नव्हती. ती खालून वर आलती."

तिनं मान वर करून छताकडं बघितलं.

"म्हेबूब, ह्यांनी एवढं पोट कोरलं जिमिनीचं, तरी वरची घरं उभी?"

"उभी आहेत, आजी."

वनिता तिच्यासमोर उकिडवी बसली. "आजी, तू नको म्हणालीस तर मी येते परत. रडणार न्हाई. पन मग मला कुठं पाठवशील ते सांग. जिथं जमीन हालत न्हाई असं गाव सांग. मी तिथं जाते."

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं. असं गाव तिला कुठून माहीत असणार? जे गाव कधी हलणार नाही असं समजून ती सून म्हणून आली होती, तेच गेलं होतं. ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "चल. खोली दाखिव तुजी."

वसतिगृहाचे तीन मजले ती चढली. मी खालीच थांबलो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. पाचाला दहा कमी असताना ती खाली आली आणि वॉर्डनबाईंसमोर अंगठा पुढं केला. वॉर्डनबाईंनी स्वतः शाईचं पॅड धरलं. काल एवढ्या तापलेल्या बाई, आज हळू आवाजात म्हणाल्या, "अम्मा, मैं ध्यान रखूँगी." सोजरबाईला हिंदी येत नव्हती. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

मग ती रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेली आणि तिथून ओरडली, "वनिता, खिडकीतून हात काढ!" तिसऱ्या मजल्यावरून हात बाहेर आला. म्हातारीनं बोटावर मोजलं, पुन्हा मोजलं. "डावीकडून चौथी," मला म्हणाली. "तू दिल्लीला येतच असतूस. येवढी बघून जात जा."

परतीच्या गाडीत वनिताचा बर्थ रिकामा होता. टीसीनं विचारलं, कुणाचा? सोजरबाई म्हणाली, "आमचाच हाय. ऱ्हाऊ द्या."

पुढच्या खेपेपासून माझ्या कार्यक्रमात एक जागा वाढली. गुरुद्वारा, किल्ला, संसद आणि ते वसतिगृह. समोरच्या फुटपाथवर मी माणसं उभी करायचो. लोक विचारायचे, ही कुणाची हवेली? मी सांगायचो, तिसरा मजला, डावीकडून चौथी खिडकी. भूकंपात वाचलेली आपल्याकडची पोरगी तिथं राहते, डॉक्टरकी शिकते. लाल किल्ल्यासमोर शेंगदाणे खाणारी माणसं त्या खिडकीसमोर कपाळावर हात धरून उभी राहायची. कुणीतरी हमखास म्हणायचं, "जेवली आसंल का?" पहारेकरी यायचा, "क्या देख रहे हो?" आम्ही म्हणायचो, काही नाही, आणि हलायचो.

गावी आलो की त्यांच्या वस्तीवरच्या दुकानात फोन करायचो. सोजरबाईला बोलावून आणायचे. तिचा प्रश्न एकच, "उघडी व्हती का?" दिल्लीच्या थंडीत खिडकी कोण उघडी ठेवतं? मी सांगायचो, "उघडी होती." याची मला आत कुठंतरी टोचणी होती. जिनं मला एकदा खोटं बोलताना पकडलं, तिलाच मी पुन्हा खोटं सांगत होतो.

तिसऱ्या वर्षी वनिता मला रस्त्यातच भेटली. चाळीस माणसं वर बघतायत हे बघून आधी हसली, मग तिनं मला बाजूला घेतलं. वसतिगृहात दरवर्षी खोल्या बदलतात. पहिलं वर्ष संपलं आणि ती पलीकडच्या बाजूला गेली होती. दोन वर्षं मी मराठवाड्याला दुसऱ्याच कुणाची तरी खिडकी दाखवत होतो.

"आजीला सांगू का?" तिनं विचारलं.

"गप बस," मी म्हणालो. "आजीनं ठरवलेली खिडकी आहे ती."

एवढ्यात वरची ती खिडकी उघडली. कुठली कोण, आम्हाला अनोळखी, केस पुसत होती. खाली बघते तर फेटे, टोप्या, इरकली लुगडी, आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर. आमच्यातल्या एका म्हातारीनं हात हलवला. मग सगळ्यांनीच हलवला. ती पोरगी जरा थबकली, मग तिनंही हात हलवला, चांगला खांद्यापासून.

नांदेडला आल्याबरोबर मी फोन लावला. सोजरबाईला सांगितलं, खिडकी उघडी होती, आणि पोरीनं हात केला. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.